कौतिकाबाईच्या अंगणातलं राज्य

तुम्ही कौतिकाबाईला देवी केलंत आणि मोकळे झालात. देवीपुढं नारळ फोडला की भागतं. ती जिवंत असती तर तिनं तुम्हाला विचारलं असतं, की पोरं अजून ऊसतोडीला का जातात. म्हणून ही गोष्ट देवळाबाहेर बसून ऐका.

फार वर्षांपूर्वी, आपलं राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा, बालाघाटाच्या डोंगरात खडकवण नावाचं गाव होतं. अजूनही आहे. तिथल्या मातीचा थर इतका पातळ, की नांगर घातला की आधी दगडच वाजायचा. दसरा झाला की माणसं बैलगाड्या जुंपून ऊस तोडायला दूर पश्चिमेला जायची. भांडी, कोंबड्या आणि पोरं एकाच गाडीत. उन्हाळ्यात गाड्या परत यायच्या.

त्या गावात कौतिकाबाई नावाची मास्तरीण होती आणि तिच्या शाळेत ठकी नावाची मुलगी. ठकीचे पाढे पाठ, प्रार्थना पाठ. एका वर्षी वाटेतल्या मोठ्या बाजारात ठकी चुकली. तिथले लोक काही वाईट नव्हते. एका चहावाल्यानं तिला दूध पाजलं आणि विचारलं, "कोणत्या गावची गं तू?"

"आमच्या गावची."

"अगं, पर नाव काय गावाचं?"

"गावच म्हणत्यात. मारुतीच्या देवळामागं घर हाय आमचं."

"आन नदी?"

"हाय की. लई पाणी नसतं तिला."

आपल्या गावाला घरात कोण नावानं हाक मारतं? आणि या राज्यात मारुतीचं देऊळ नसलेलं गाव कुठून आणायचं? कुणा भल्या माणसानं तिला जवळच्या मारुतीपाशी पोचवलं. तिथल्या लोकांनी पुढच्या मारुतीची वाट दाखवली. तिची आई गयाबाई शोधत बाजारात आली, तोवर पोर किती गावं पुढं गेली ते कुणालाच सांगता येईना. असं म्हणतात, की ठकी अजून एका मारुतीकडून दुसऱ्या मारुतीकडं चालते आहे.

उन्हाळ्यात गयाबाई शाळेत आली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाई, माझी पोरगी तुमच्यापाशी शिकली. तिला गावाचं नाव तेवढं सांगायचं राहिलं व्हय?"

कौतिकाबाई दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावाला चालत गेली आणि डोक्यावर पुस्तकांचं गाठोडं घेऊन आली. नव्या राज्याची पुस्तकं होती ती. त्यांत नद्या होत्या, घाट होते, किल्ले होते आणि कुणीच न पाहिलेला समुद्र होता. रोज एक पान ती मोठ्यानं वाचायची. मग पोरं ते पान शाळेच्या अंगणात मांडायची. धोंड्यांचा सह्याद्री, नीळ कालवलेल्या राखेचा समुद्र, बोटानं ओढलेल्या नद्या. एकेका पोराला एकेक नदी वाटून दिली. हातात पाण्याचा तांब्या घेऊन पोरानं उगमापासून पळायचं आणि जिथं नदी मोठ्या नदीला मिळते तिथं मोठ्या नदीच्या पोराचा हात धरायचा. भिवा नावाच्या पोराच्या वाट्याला डोंगर आला.

"बाई, मी कवर उभा राहू? पाय दुखाया लागले."

"डोंगर बोलत नसतो, भिवा."

शेवटी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं: गाव खडकवण, नदी मांजरा, जिल्हा बीड, राज्य महाराष्ट्र.

असं म्हणतात, की त्या अंगणात सोलापूरच्या जागी आपोआप ज्वारी उगवली आणि विदर्भात कापसाची बोंडं फुटली. असं म्हणतात, की निळ्या राखेला कान लावला की लाटा ऐकू यायच्या आणि पोरांच्या ओठांवर मीठ यायचं. पुढच्या मोसमात भिवा चुकला. त्यानं फौजदाराला गाव, नदी, जिल्हा, राज्य सगळं घडाघडा सांगितलं, वर घाटही सांगितले, आणि आईबापाच्या गाडीआधी घरी येऊन बसला.

गाव खूश झालं. कौतिकाबाई झाली नाही. ती दर दसऱ्याला गाडीगाडीपाशी जाऊन म्हणायची, "पोरं माझ्यापाशी ठेवा." बाया विचारायच्या, "खाऊ काय घालशील, बाई? तुझा डोंगर?" मागं राहणाऱ्या पोरांच्या जेवणासाठी तिनं वर अर्ज केले. एकदा मोठे साहेब आले, अंगण पाहून वा वा म्हणाले आणि बुटांनी समुद्र तुडवत मोटारीकडं गेले. पोरं जातच राहिली. उन्हाळ्यात शाळेत परत येणारी दरसाल कमी होत गेली. ठकीचा पत्ता लागलाच नाही. कौतिकाबाई एकटीच रिकाम्या अंगणात नद्या ओढत बसू लागली.

एका सकाळी शाळेचं दार उघडं होतं आणि ती नव्हती. असं म्हणतात, की अंगणातल्या मातीत तिच्या पावलांचे ठसे होते. खडकवणातून निघालेले, प्रत्येक गावाशी थांबलेले, घाट उतरून निळ्या राखेत गेलेले. परतीचं पाऊल एकही नव्हतं. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही.

आता तिथं तिचं देऊळ आहे. शाळेला गुरुजी आहेत, तेही दोन शाळांमध्ये वाटून घेतलेले. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खडकवण अजूनही ते अंगण सारवतं, धोंडे मांडतं, नद्या ओढतं. निघणारं प्रत्येक पोर आपल्या गावावर उभं राहतं, आपला पत्ता म्हणतं आणि मग यंदा जिथं जायचं तिथं चालत जाऊन थांबतं. बाहेर ट्रॅक्टर सुरूच असतात.

परवा एक चिमुरडी गावापासून राज्यापर्यंत न अडखळता बोलली. गुरुजी तिच्या आईला म्हणाले, "ताई, हुशार आहे हो पोरगी. आता कुठंही चुकायची नाही."

आई ट्रॉलीत पातेली चढवत होती. मागं न बघताच म्हणाली, "सांगंल की समदं, गुरुजी. पर तिकडं इचारतंय कोण?"