गोजराने मडकं पुन्हा उपडं केलं

फार फार पूर्वी डोंगरापलीकडे एक गाव होतं. तिथला पाटील गावकरी मत देऊन निवडत. मडक्यात बी टाकली की झालं मत. मडक्यापाशी बसायची गोजरा परटीण. कपड्यांवर खुणा करायचा बिब्बा तिच्याजवळ असायचाच. मत टाकणाऱ्याच्या नखावर ती त्याचा ठिपका द्यायची, म्हणजे पुन्हा येऊन कुणी शहाणपणा करायला नको.

एक रीत मात्र कडक होती. आधी मडकं सगळ्यांसमोर उपडं करायचं, मगच त्याच्या तोंडाला फडकं बांधायचं.

त्या वर्षी गोजराचा धाकटा भाऊ भिवा उभा होता. त्याला मत म्हणजे चिंचोका. समोर गावचा तेली, त्याला मत म्हणजे वाल. सकाळीच गर्दी लोटली, "आटपा, आटपा!" असा गलका झाला आणि त्या घाईत गोजराने मडकं उपडं न करताच फडकं बांधलं. निम्मं गाव मत देऊन गेल्यावर तिला ते आठवलं.

तिचा चेहरा पाहून भिवा जवळ आला. तिने चूक सांगितली.

"ताई, मडकं रिकामंच होतं ना?"

"होतं रे. मीच घासलंय."

"मग झालं तर! आत्तापर्यंत सगळी आपलीच माणसं येऊन गेलीत. गप्प बस."

"रिकामं होतं हे मला ठाऊक आहे रे भिवा. पण गावाने कुठे पाहिलंय?"

गोजराने उठून सगळ्यांना चूक सांगितली. लोक चिडले, नाही नाही ते बोलले. तिने ऐकून घेतलं. आतल्या बिया न मोजता ओढ्यात टाकल्या, मडकं उपडं करून दाखवलं आणि मत देऊन गेलेल्यांनाही बोलावून मतदान पुन्हा सुरू केलं. ठिपका आता शेजारच्या बोटाला. भिवाचे दोघे-तिघे चुलतभाऊ मात्र रुसून घरी गेले आणि जेवून जे आडवे झाले ते पुन्हा मत द्यायला उठलेच नाहीत.

संध्याकाळी मोजणीत भिवा दोन मतांनी हरला.

"मडक्यात आधीच वाल भरले होते!" त्याची माणसं ओरडली. काठ्या वर झाल्या. गोजरा मडकं पोटाशी धरून उभी राहिली.

भिवाचा चेहरा पार उतरला होता. तरी तो मध्ये आला. "काठ्या खाली घ्या. मडकं उपडं केलं तेव्हा मी समोर होतो. रिकामं होतं. मी हरलोय."

काठ्या खाली आल्या. माणसं आपापल्या घरी गेली.

तात्पर्य: मतांची राखण करणाऱ्याचं नुसतं खरं असून भागत नाही, ते खरेपण सगळ्यांना दिसावं लागतं. तरच हरलेला माणूसही निकाल मानतो.