सत्तेचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह

१७ फेब्रुवारी. पहाटे धुकं, आठनंतर कोरडं ऊन. वारा नाही.

“मग खोटं कोण बोलतंय, मामा?”

विश्वजित केंगार शहराच्या पाणीपुरवठा कंपनीत मॅनेजर होते. वर्षभर खपून त्यांनी दोनशे बारा व्हॉल्व्हना मोटरी बसवल्या, सगळे कंट्रोल रूमला जोडले. त्याचा त्यांना अभिमानही होता. पण मोटर लागल्यापासून चार दिवस कुंभारआळीत पाण्याचा थेंब नव्हता, आणि स्क्रीनवर तिथला व्हॉल्व्ह हिरवा, म्हणजे उघडा दिसत होता. आज पाचच्या आत ‘काम पूर्ण’ या कागदावर त्यांची सही हवी होती. सही झाली की गल्लोगल्ली चावी घेऊन फिरणारे बारा व्हॉल्व्हमन घरी बसणार होते.

हुसेनमामा शिकलगार त्यांच्यातलेच, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. केंगार नवे लागले तेव्हा शहरातली पाइपलाइन त्यांनीच पायी फिरवून दाखवली होती.

मामा घराच्या ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. हात थांबले नाहीत.

“तुमचं मशीन काय म्हणतं?”

“उघडा.”

“लोक काय म्हणतात?”

“...कोरडा.”

“तक्रारी किती?”

“शून्य! तेच तर कळत नाही.”

मामा उठले. कोपऱ्यातली लांब लोखंडी चावी त्यांनी खांद्यावर टाकली.

आळीत एक बाई घागर घेऊन उभीच होती. केंगारांनी तिला टॅबवरचा हिरवा ठिपका दाखवला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता तो ठिपका ओता माझ्या घागरीत.”

“ताई, ॲपवर तक्रार का नाही केली?”

“केली की! चारदा. चारही वेळा मेसेज आला, व्हॉल्व्ह उघडा आहे, तक्रार मिटली.”

मामांनी रस्त्यातलं व्हॉल्व्हचं झाकण काढलं, तो हाताने फिरावा म्हणून मोटरीचा खटका सोडवला, चावी व्हॉल्व्हवर बसवली. केंगारांना खाली बसवून चावीला कान लावायला लावला.

“ऐका.”

“...काहीच नाही.”

मामांनी चावी उजवीकडे फिरवली. एक फेरा, दोन, पाच... लोखंडातून घरघर आली. पलीकडे नळ खोकला आणि वाहू लागला.

“उजवीकडे तर व्हॉल्व्ह बंद होतो!”

“बाकीचे होतात. हा उघडतो.”

“माझ्या यादीत हे नव्हतं.”

“यादी करताना तुम्ही मला फक्त नंबर विचारले होते. नंबर बरोबर आहे.”

टॅबवरचा ठिपका लाल झाला. लगेच कंट्रोल रूममधून फोन.

“सर, सत्तेचाळीस नंबर बंद झालाय. उघडू का?”

केंगार ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर नळावर गेली. हो म्हटलं तर पाणी जाणार. नाही म्हटलं तर स्क्रीनवर बंदच दिसणार.

“सर? उघडू?”

“बोला साहेब,” मामा हसले. “तुमचाच माणूस विचारतोय.”

“...नको. बंदच राहू दे.”

पाणी येतच राहिलं. बाई दुसरी घागर आणायला पळाली.

केंगारांनी लाल ठिपक्याकडे बघितलं, मग नळाकडे, मग पुन्हा ठिपक्याकडे.

“मामा, बाकीचे हिरवे तरी खरे आहेत का? ...सही करू की नको?”

मामांनी चावी त्यांच्या हातात दिली.

“कान एकच लावा, साहेब. एक चावीला, एक स्क्रीनला, असे दोन्ही लावायला गेलात की काही ऐकू येत नाही.”

पाच वाजेपर्यंत एकोणीस झाकणं उघडून झाली. दोन व्हॉल्व्ह उलटे निघाले. कागदावर सही झालेली नव्हती.