गव्हावर गहू

तिवरखेडच्या दोन टोकांना दोन विद्यापीठं उभी राहिली आणि गावात दोन तट पडले. चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं, इतकंच काय, गणपतीसुद्धा वाटून घेतले गेले. दोघांचीही राहिली ती एकट्या हौसाबाईंची पिठाची गिरणी. तिचा गाळा मात्र पूर्वेच्या विद्यापीठाच्या मालकीचा.

एके सकाळी तिथले कुलगुरू रणसुभे स्वतः दारात आले.

"बाई, पश्चिमवाल्यांच्या मेसचं दळण आजच बंद. नाहीतर गाळा सोडा."

रांगेतली माणसं डबे उचलून मागे सरकली.  हौसाबाईंचं घर याच गिरणीवर चालत होतं. त्यांनी सावकाश मोटार बंद केली.

"करते की, साहेब. पण मग तुमचा गहू कशावर दळू? अख्खं गाव ज्वारी खातं. त्यांच्या गव्हानं जातं साफ होतं, म्हणून पाठोपाठ तुमचं पीठ निर्मळ निघतं. उद्यापासून ज्वारीवरच दळते. पोरांच्या पोळ्या तुटल्या तर मला बोलू नका."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. रणसुभे लालबुंद झाले.

"म्हणजे आमचं विद्यापीठ त्यांच्या जिवावर चालतं म्हणता?"

"विद्येचं मला कळत नाही, साहेब. पिठाचं तसंच आहे."

कुलगुरू तडक गाडीकडे वळले. दार ओढता ओढता एवढंच म्हणाले, "आधी त्यांचंच दळा!"