कुलूपबंद अंबर

एकदा एका शिष्याला आपल्या गुरूविषयी संशय आला. संशय म्हणजे काही चार दिवसांचा पाहुणा नव्हे. एकदा आत आला की तो घरच्यांनाच बाहेर काढतो.

शिष्याचे नाव विश्राम. गुरू होते बंदराच्या पेठेतले वृद्ध गंधी. त्यांना सारे दाजीबा म्हणत. "या पेठेत खोटं न बोलणारा माणूस एकच," असे सांगून वडिलांनी विश्रामला त्यांच्याकडे अत्तराची विद्या शिकायला ठेवले होते. पहिलाच धडा मिळाला तो असा : नवा गंध घेण्याआधी स्वतःची बाही हुंगावी, म्हणजे आधीचा वास नाकातून उतरतो. सहा महिने मागच्या भट्टीवर राबल्यावर विश्राम नुकताच गल्ल्यामागे बसू लागला होता.

तिथे त्याला ते कपाट दिसले. साऱ्या दुकानात कुलूप तेवढ्या एकाच कपाटाला, आणि किल्ली दाजीबांच्या कमरेला. एकदा ते उघडत असताना विश्रामने मागून डोकावून पाहिले. आत कारखान्याचा शिक्का असलेला डबा, डब्यात पांढरी भुकटी. वास आला आणि तो चमकला. गल्ल्यावरच्या बरणीतल्या अंबर-अत्तराचा तोच वास! अंबर तर देवमाशाच्या पोटात तयार होतो आणि वर्षानुवर्षे समुद्रावर तरंगत राहतो. तो डब्यात कुठून येणार? इथे नक्की पाणी मुरते आहे, असे त्याच्या मनाने घेतले. त्यानंतर दाजीबा साधे हसले तरी तो त्यात लबाडी शोधू लागला.

अशातच एका संध्याकाळी एक व्यापारी आला. इकडेतिकडे पाहत त्याने फडक्यातून अंबराचा करडा खडा काढला. दाजीबांनी सुई तापवून खड्यात टोचली आणि धूर हुंगला.

"अस्सल आहे. उचला आणि निघा."

"अस्सल म्हणता आणि नको म्हणता?" व्यापारी चकित झाला.

"अस्सल आहे म्हणूनच नको."

विश्रामला आता आणखी पुरावा नको होता. खऱ्याला हाकलून देणारा हा म्हातारा खोट्याला कुलपात जपतो! उद्याच गाशा गुंडाळायचा, ही विद्याच सोडायची. पण जाण्याआधी एका तरी भल्या माणसाला सावध करायचे, असे त्याने ठरवले.

सकाळी इब्राहिम सारंग आले. जहाजावर हयात घालवलेले हे गृहस्थ तीस वर्षे तेच अंबर-अत्तर नेत होते. विश्राम त्यांच्या कानाशी लागला. "चाचा, यात अंबर नाही. तुम्हाला फसवतायत."

सारंगांनी बरणी त्याच्याकडे फिरवली. तिची दर्शनी बाजू नेहमी गिऱ्हाइकाकडे असे. गल्ल्यामागे बसणाऱ्याला फक्त पाठ दिसे. पुढे दाजीबांच्या ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी होती : 'यात देवमाशाचा अंबर नाही. हा गंध प्रयोगशाळेत घडवलेला आहे.'

"पोरा, हे वाचूनच घेतो मी," सारंग म्हणाले. "देवमासे पाण्यात पाहिलेत. ते तिथेच बरे."

विश्रामला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दाजीबा भट्टीच्या दारात उभे होते.

"कालचा खडा बाळगणं गुन्हा, हे झालं कायद्याचं," ते म्हणाले. "पण मी तो घेतला असता, तर तो माणूस दुसरा खडा शोधायला निघाला असता. किनाऱ्याला लागणारा खडा नशिबाने मिळतो, आणि हावेला नशिबाची वाट बघवत नाही. ती माशाच्या पोटात सुरी घालते. म्हणून मी घडवलेला गंध घेतो आणि घडवलेला म्हणूनच विकतो. तू संशय घेतलास, त्याचा राग नाही. गंध्याला संशय हवाच. पण अत्तर हुंगण्याआधी बाही हुंगतोस, माणूस हुंगताना मात्र विसरलास. नाकात एकच वास धरून बसलास."

विश्रामने विचारले, "मग त्या कपाटाला कुलूप कशाला?"

"अरे, त्याची खिट्टी मोडलीय, कुलूप लावलं तरच दार घट्ट बसतं. दार फटीएवढं उघडं राहिलं तरी तो वास शेजारच्या मोगऱ्यात शिरतो."

"एवढंच?"

"एवढंच. त्याच दिवशी विचारलं असतंस, तर त्याच दिवशी सांगितलं असतं." असे म्हणून दाजीबांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली. विश्रामचे डोळे भरून आले.

कुलूप दिसले की आपण दाराला कान लावतो. किल्ली मागून पाहण्याचे मात्र सुचत नाही.