माळावरची मगर

एका जंगलात एक नदी होती आणि नदीपासून लांब एक माळ होता. नदीकाठी सावली, चिखल आणि मंत्री राहत. माळावर ऊन, गवत आणि काळविटं राहत.

दरवर्षी कुमारांच्या धावण्याच्या शर्यती व्हायच्या. संघ निवडायचे बगळेसाहेब. ते नदीतच एका पायावर उभे असत, त्यामुळे त्यांना दिसायची ती नदीकाठचीच पोरं. मग पळायला मगरीचं पोर जाई, कासवाचं जाई. चषक शेजारच्या जंगलात जाई.

माळावर रखमाजी नावाचा काळवीट होता. त्याची पोर ठकी. ठकीची आई पारू तिला रोज पहाटे बाभळीपासून तळ्यापर्यंत पळवायची आणि स्वतः तळ्यापाशी उभी राहायची. पारू गेली, तेव्हापासून तिथे रखमाजी उभा राहू लागला. पोर एकदा संघात दिसावी, एवढंच पारूचं म्हणणं होतं.

माळाने फार ओरडा केला, तेव्हा राजाने फर्मान काढलं. माळाला एक जागा. जो बगळेसाहेबांच्या देखत माळाचं पाणी पिईल, तो माळाचा.

"ठके, झालं तुझं काम," रखमाजी म्हणाला.

निवडीच्या दिवशी दोघं तळ्यावर गेली, तर तिथे जत्रा भरलेली. क्रीडामंत्री मगरराव पोराला घेऊन आले होते. शिवाय राखीव खेळाडू म्हणून सगळे पुतणे, भाचे.

"मंत्रीसाहेब, तुम्ही इकडं कुठं?"

"रखमाजीराव, पोराला माळाची लहानपणापासून ओढ! पी रे बाळा."

बाळ प्यायलं. पुतणे प्यायले. भाचे तर पोटं फुगेपर्यंत प्यायले. ठकीचा नंबर आला, तेव्हा तळ्यात गाळ उरला होता.

"प्या," बगळेसाहेब म्हणाले.

"पाणी कुठंय साहेब?"

"ते पाणीपुरवठा खातं बघेल. माझ्याकडे फक्त पिणं."

"अहो, ती जन्मली इथं! तिची आई इथंच गेली!"

"वाईट झालं," बगळेसाहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी दुसरा पाय टेकला आणि मगररावांच्या पोराला माळाचा प्रतिनिधी जाहीर केलं.

शर्यतीच्या दिवशी माळाचा प्रतिनिधी चार ढांगा टाकून उन्हात पसरला. तोंड उघडं ठेवून झोपला. ठकी दोरीबाहेर उभी होती. तिचे खूर थांबत नव्हते. रखमाजी निघाला आणि शेवटच्या रेघेपाशी जाऊन उभा राहिला, पारू उभी राहायची तसा.

ठकीने बाप पाहिला आणि पळाली. दोरीबाहेरूनच सगळ्यांच्या आधी त्याच्यापाशी पोचली.

"आई असती तर?" तिने धापा टाकत विचारलं.

"म्हणाली असती, वळणावर मान वर करतेस अजून."

बगळेसाहेबांनी तिला ताकीद दिली. प्रेक्षकांनी पळू नये.

चषक शेजारच्या जंगलात गेला. मगररावांनी भाषण केलं, "बंधूंनो, माळाला आम्ही संधी दिली. माळच कमी पडला!" नदीकाठाने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या निवडणुकीत मगरराव माळातून उभे राहिले. भूमिपुत्र म्हणून.