यमाजी ढोरवैद्य आणि गुणाजीचा बैल

फार फार मागं, सावळदऱ्यात यमाजी नावाचा ढोरवैद्य होता. दाव्याला हात लावला की त्याला पलीकडची नाडी कळे, असं म्हणतात. पूर्वेच्या समुद्रापलीकडं कोरिया नावाचा देश आहे, तिथला एक भिक्षू पावसाळाभर त्याच्या ओसरीवर राहिला आणि जाताना नाडीची आणि शेकाची विद्या देऊन गेला. कोरिया कुठं आहे हे तेव्हा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आज दोघांना ठाऊक आहे, त्यातला एक थापाड्या.

तर गावात गुणाजी पैलवान होता. पन्नाशी ओलांडली आणि गड्याचं काहीतरी बिनसलं. बायकोवर, हौसावर, ताट भिरकावू लागला. शेवटी तिनं बोचकं बांधलं. तेव्हा गुणाजी धडधाकट बैल घेऊन यमाजीकडं गेला. पुरुषाला असलं काही होतं म्हणायची गावात रीतच नव्हती, जे व्हायचं ते बैलाला.

"काय होतंय बैलाला?"

"झोप नाही, बाबा. थंडीत घाम फुटतो. उगाच अंगावर जातो, मग गोठ्यात जाऊन रडतो."

"आणि गाय?"

"गाय भावाकडं निघालीय," गुणाजी म्हणाला, आणि त्यानं दावं मुठीत आवळलं.

यमाजी भारी टवाळ माणूस, पण तेव्हा हसला नाही. दावं धरलेल्या गुणाजीच्या मनगटावर त्यानं तीन बोटं ठेवली.

"बैल संपला नाही, गुणा. त्याचा ऋतू पालटलाय. हे गाईला कुणीतरी सांगायला हवं."

"बैल मुका असतो, बाबा."

"तू नाहीस ना?"

गुणाजी पळत घरी गेला. हौसा उंबऱ्यात होती. तो काय बोलला कुणाला ठाऊक नाही, पण बोचकं सुटलं. मग एकवीस दिवस यमाजी गुणाजीच्या बेंबीखाली आल्याची चकती ठेवी, वर वाळल्या दवण्याची गोळी धुमसत ठेवी, आणि हौसा शेजारी बसून फुंकर घाली. बाविसाव्या दिवशी गुणाजीनं भरली मोट एकट्यानं ओढली, असं म्हणतात. कुणी म्हणतात, बैलासकट. सांगणाऱ्यांची ही पाचवी पिढी, मोट दर पिढीला जड होत आलीय.

अजूनही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पन्नाशीपुढचे गडी यमाजीच्या नावाच्या पारावर बैल घेऊन जातात, मागं बायका आलं नि दवणा घेऊन. बैलाला काय होतंय ते गडी बायकोदेखत सांगतात. ज्याच्याकडं बैल नाही, तो शेजाऱ्याचा मागतो. शेजारी कशाला म्हणून विचारत नाही. दावं हातात देतो आणि म्हणतो, सावकाश आण, घाई नाही.