द्रौपदाक्कांची मागणी

“...पण मॅडम, जे बरंच होणार नाही, त्याच्यावर सुरी चालवायची कशाला?”

डॉ. तन्मय गुळवणींनी एक्स-रे उजेडात धरला. स्तनाचा कॅन्सर मांडीच्या हाडात उतरला होता. वाळवी लागलेल्या वाशासारखं हाड आतून पोखरलं होतं. कधी मोडेल याचा नेम नव्हता.

गुळवणी सुवर्णपदकवाले. पदक घरी कपाटात होतं, ताठा मात्र मानेत.

त्यांच्या गुरू डॉ. कुमुद आचरेकर तीस वर्षं हाडांच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया करत आलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “पेशंटला काय हवंय?”

“सगळे रिपोर्ट पाहिलेत मी.”

“रिपोर्टांना काय हवंय, ते नाही विचारलं.”

...

गुळवणी खाटेपाशी गेले. द्रौपदाक्का शिंगाडे दीड महिना उताण्या पडून होत्या. त्यांनी आधी मुलाला चहा आणायला पिटाळलं, मग हळूच म्हणाल्या,

“डाक्टर, भांडं ल्योक देतोय मला... पोटचा ल्योक. मरायचं तवा मरंन मी. पर तोवर संडासला माझ्या पायानं जाऊ द्या.”

गुळवणी परतले ते मान खाली घालून.

“ऑपरेशन कधी घ्यायचं, मॅडम?”

“उद्या. करणार तुम्ही.”

गुळवणींनी जमेल तेवढी गाठ खरवडून काढली, हाडात स्टीलचा रॉड बसवला. मॅडम समोर उभ्या होत्या. अडीच तासांत त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही.

तिसऱ्या दिवशी द्रौपदाक्का वॉकर धरून उभ्या राहिल्या. एक पाऊल... दुसरं...

मुलगा आधाराला धावला, तर त्याच्यावरच खेकसल्या, “सर बाजूला!”

अख्खा वॉर्ड बघत होता. शेजारच्या खाटेवरची बाई टाळ्या वाजवू लागली. गुळवणींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. असा आनंद पदक घेतानाही झाला नव्हता.

पण जित्याची खोड! ते पुटपुटले, “रोग मात्र अजून आहेच, मॅडम...”

तेवढ्यात संडासाचं दार लागलं. आतून कडी सरकल्याचा खणखणीत आवाज आला.

गुळवणी घाबरून दाराकडे धावले. “अहो आक्का, कडी नका लावू! पडलात तर...?”

“कोन बी येऊ नका आत!” आतून दरडावणी आली.

दार ठोठावायला उचललेला त्यांचा हात आचरेकर मॅडमनी हवेतच धरला.

“चला, गुळवणी. इथं आता आपलं काही काम नाही.”